राखणदाराची जागा

मोजणीदार ओगले पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांना मी मुकी वाटले.

सकाळची वेळ होती. झरीवर कळशी भरून घेतली आणि वळले, तर राखणदाराच्या दगडासमोर एक परका माणूस उकिडवा बसलेला. डोक्यावर खाकी टोपी, अंगात कोट, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. हातातल्या काठीनं तो देवाला टकटक करून बघत होता, शहाळं पाणीदार आहे की नाही बघावं तसा.

"बाई, हा दगड इथं किती वर्षांचा?"

मी गप्प.

"तुम्ही याच गावच्या ना?"

मी मान हलवली.

"मग? फार जुना आहे का?"

यावर मला मान हलवता येईना. हो म्हणायचीही नाही आणि नाही म्हणायचीही नाही. मी पुढं होऊन कळशी देवावर ओतली. पाणी त्यांच्या बुटांवर उडालं, तसे ते मागं सरकले. जास्वंदीचं फूल वाहिलं, हात जोडले. "बिचारी," ते स्वतःशीच म्हणाले.

"देवाला काठी लावू नये," मी म्हटलं.

ते दचकून मागच्या ओल्यात बसलेच.

आमच्या घरचा हा नेम. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी मला दिला, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. आंघोळ झाली की झरीवर जायचं, कळशी भरायची, ती कुठं टेकवायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. शिवेवरच्या राखणदाराला पाणी घातलं की मगच बोलायचं. पाऊस असो की अंगात ताप असो. अडचणीचे चार दिवस तेवढ्या सासूबाई जात.

आमचं गाव शिरवणखोल. सावंतवाडी संस्थानातलं, अगदी कडेचं. झरीच्या वर चढ, चढाच्या पलीकडे पारवाडे, आणि ते गोव्यात. गोवा तेव्हा फिरंग्यांचा. मी सांगते ही गोष्ट गोवा सुटायच्या पस्तीस-छत्तीस वर्षं आधीची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. आमचे हे बेळगावला शाळेत मास्तर होते, मे महिन्यात तेवढे येत. घरात मी आणि सासूबाई. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती.

गावात दुसरं ब्राह्मणाचं घर नव्हतं, म्हणून ओगल्यांचं जेवण आमच्याकडे आलं. पानावर बसले आणि मी "भात वाढू का?" म्हटलं, तसे ते हसायला लागले. सकाळची हकीकत त्यांनीच सासूबाईंना सांगितली.

"आमची द्वारका कमी बोलते, पण मुकी नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही इकडं कसे?"

"दोन सरकारांनी ठरवलंय, आई. सगळी शीव नव्यानं मोजायची, खांब रोवायचे, त्यांना नंबर घालायचे. इकडनं मी, तिकडनं कायतान म्हणून एक आहेत. दोघांच्या सह्या झाल्या की मिटलं."

"इतकी वर्षं काय अडलं होतं?"

"अडलं काहीच नव्हतं. पण कागदावर दोन रेघा आहेत. आमच्या नकाशात शीव झरीच्या वरनं जाते, त्यांच्या नकाशात खालनं. मधे तुमची झर."

सासूबाईंची पळी आमटीतच थांबली. झरीचा पाट गावातल्या एकूण एक पोफळीच्या मुळाशी जात होता. त्या पाटावर शिरवणखोल उभं होतं, आमच्या घरासकट.

"आणि झर तिकडे गेली तर?"

"तर पाणी त्यांचं. पाट चालू ठेवतील, न ठेवतील. पण काळजी करू नका. जुन्या करारात लिहिलंय, शीव राखणदाराच्या दगडावरनं. दगड झरीच्या वरच्या कडेला आहे, आज मी बघून आलो. झर आपलीच." त्यांनी ताकाची वाटी पुढं केली. "कायतान म्हणतात, दगड काय, उचलता येतो. म्हणून उद्या खाली खणून बघायचं. जुने लोक हुशार. शिवेचा दगड रोवताना त्याखाली कोळसा नि चुना पुरून ठेवायचे. लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. दगड कुणी हलवला तरी कोळसा सांगतो."

मी ताक वाढत होते, ते त्यांच्या पानात सांडलं.

कारण दगड हलवलेला होता. मीच हलवला होता.

मला नेम मिळाला तेव्हा राखणदार झरीपाशी नव्हता. तो खाली, आमच्या घराकडे येणाऱ्या वाटेच्या वळणावर, हेळ्याच्या झाडाखाली होता. झरीपासून दोनशे चाळीस पावलं. बोलायचं नाही म्हणून मी पावलं मोजायची, म्हणून आकडा पक्का ठाऊक. ती वाट बागांत जाणाऱ्या बायकांची. मला बोलायला लावायचं हा गावातल्या पोरींचा खेळच झाला होता. एक म्हणे, "द्वारके, तुझ्या केसात किडा." दुसरी पदर ओढी. तीनदा मी बोलले, तीनदा उपास केला. तेरा वर्षांच्या मुलीनं किती उपास करायचे?

त्याच साली सासू-सासरे महिनाभर गोकर्णाला गेले. एका सकाळी झरीवर बसून मी रडत होते, तिथं सोननाक आला. सोननाक आमच्या गावच्या शिवेचा महार. शीव राखणं त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या, आणि शिवेच्या दगडाला हात लावायचा मान त्याचाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मगे देवाकच वर हाडूया."

खांद्यावर घेऊन त्यानं देव वर आणला. मी मागनं फूल घेऊन. पाऊस लागलेला, सगळा चिखल. खाली काय होतं, काय नव्हतं, कोण बघतंय. चार दिवसांनी गावात बोलवा झाली की राखणदार आपणहून चढला. कुणी त्याला नारळही दिला.

सासूबाई परत आल्या. त्यांची नजर अशी की पळी डावीकडची उजवीकडे ठेवली तरी त्यांना दारातून कळायचं. माझी अडचण आली तेव्हा त्या कळशी घेऊन गेल्या, देव नव्या जागी बघितला असणारच, पाणी घालून परत आल्या. मी कोपऱ्यात बसून वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. त्या ओल्या पायांनी आत गेल्या आणि डाळ धुवायला घेतली. त्या दिवशी नाही, आणि पुढं तेरा वर्षांत कधीच नाही. मला त्यांचं हे एकच कोडं कधी सुटलं नव्हतं.

दुपारी ओगल्यांनी आमच्या अंगणात तीन पायांची दुर्बीण मांडली. लखलखीत पितळेची, बाजूला चक्र, चक्रावर केसाएवढ्या रेघा. मनात एवढी धास्ती असूनही माझे डोळे तिच्यावरनं हलेनात.

"बघा हवं तर," ते म्हणाले.

मी डोळा लावला. झर अगदी हाताच्या अंतरावर आली होती, आणि उलटी. झाडं खाली डोकी करून लटकत होती, पाणी खालून वर चढत होतं आणि राखणदाराचा दगड झरीच्या खाली, उलटा लटकलेला. मी डोळा काढला, परत लावला. तरी उलटंच.

"मला बघू," सासूबाई म्हणाल्या. अलवणाचा पदर सावरून त्यांनीही डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. "सगळं उफराटं दिसतं की हो."

"सवय होते, आई. आम्ही उलट्याचं सुलट मनातल्या मनात करतो."

"एवढ्यासाठी तुम्हाला पुण्याला जाऊन शिकावं लागलं? सुना ते पहिल्या वर्षी शिकतात."

दुसऱ्या दिवशी झरीवर कायतान आले. गोल बांध्याचे, हातात काळी छत्री, गळ्यात बारीक क्रूस. देवापाशी येताना त्यांनी न सांगता बूट काढले, ते मला आवडलं. सोननाकनं दगड बाजूला घेतला, माणसांनी खणलं. गुडघाभर खणलं, मांडीभर खणलं. पिवळी माती, पाझरणारं पाणी आणि एक चिडलेला खेकडा.

"ओगले," कायतान म्हणाले, "तुजो देव हांगा पावणो आयला दिसता."

ओगल्यांचं तोंड उतरलं. खणून बघायची गोष्ट त्यांनीच काढलेली. बराच वेळ दोघं नकाशे उलगडून वाद घालत होते. शेवटी कायतान म्हणाले की त्यांच्या पारवाड्याचे लोक आता एकच गोष्ट मानतील. शिवेच्या महारानं डोक्यावर शिवेची माती घेऊन चालावं. तो चालेल ती शीव. दोघं त्यावर सही करतील. ओगल्यांनी मान्य केलं. सोमवार ठरला, मधे दोन दिवस.

ही माती म्हणजे साधी शपथ नव्हे. ती डोक्यावर घेऊन जो खोटं चालेल, त्याच्या घरचा दिवा वर्ष बघत नाही, हे दोन्ही गावांना ठाऊक. आणि सोननाकची लेक भागू त्याच्या घरी बाळंतपणाला आली होती. आधीची दोन मुलं गेलेली. आता सातवा सरत आला होता.

संध्याकाळी मी परसात गेले तर सोननाक पोफळींच्या पलीकडे उभा होता. माझीच वाट बघत असावा.

"सोननाक, तू कुठनं चालणार?"

"झरीवरसून. दगड आसा थयसून."

"पण दगड तिथला नाही."

"ता तुमका म्हायती, माका म्हायती. वयनीनू, दगड मीच हाडलंय, मीच चलतलंय."

"आणि भागू?"

त्यानं पोफळीच्या शेंड्याकडे बघितलं. "गावाक पाणी व्हया. भागूचा काय ता देव बघीत."

"असं करू नकोस. खरं सांगून टाक."

"आणि काय सांगू? दगड कोणी हलवलो? महारान हलवलो. कशाक हलवलो? तुमचा नाव मी घेवचंय नाय. मगे ह्या सरकार, ता सरकार, दोनव माका धरतले." तो हसला. "तुमी कायएक बोला नकात. तुमचो नेमच न बोलण्याचो, तो पाळा."

थट्टेनं बोलला, पण ते वाक्य माझ्यात काट्यासारखं राहिलं. तेरा वर्षं मी नेम पाळला म्हणून देवासमोर ताठ उभी राहत होते. तो नेम सुखाचा व्हावा म्हणून केलेल्या एका लबाडीचं ओझं आता दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार होतं. तेही लेकीच्या पोटातल्या बाळासकट. आणि खरं बोलावं तर गावाचं पाणी जाणार. आमच्या बागेचंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, कापूस हातात घेतला.

"सासूबाई, दगडाचं सांगायचं होतं."

"कुठल्या?"

"राखणदाराच्या. तो पूर्वी खाली..."

"द्वारके, वातीला पीळ जास्त पडतोय तुझ्या."

मी वात उलगडली, परत वळली. मग त्याच म्हणाल्या, "देव हलला की देवानं हलवलं म्हणावं. बाईनं हलवलं म्हणू नये."

म्हणजे ठाऊक होतं. मग तेरा वर्षं का नाही बोलल्या? विचारायला धीर होईना. मी एवढंच म्हटलं, "सोननाकची भागू..."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. त्यांची बोटं थांबली, थांबलीच. वाती तशाच टाकून त्या देवघरात जाऊन बसल्या. मी त्यांच्या पावलांकडे बघत राहिले. लग्नाच्या वर्षी त्यांच्या पायातली चांदीची एक मासोळी नदीत पडली, असं घरात सांगत. माहेरची, जड, खवले कोरलेली. कुठं पडली ते नीट सांगेनात म्हणून त्यांच्या सासूबाईंनी दोन दिवस जेवायला घातलं नव्हतं. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांच्या एका पायात खवल्यांची मासोळी आणि दुसऱ्यात साधं वळं होतं. सासरे गेल्यावर ती एकुलती मासोळी त्यांनी माझ्या हातात ठेवली होती. जोड नाही म्हणून मी ती घालत नव्हते, कुंकवाच्या डबीत ठेवलेली.

सोमवार उजाडला. मी उशिरा आंघोळ केली. मुद्दामच.

झरीवर गेले तर दोन्ही गावं जमलेली. शिरवणखोलचे लोक खालच्या अंगाला, पारवाड्याचे वरच्या. मधे ओगले आणि कायतान, एकाच छत्रीखाली. सोननाक आंघोळ करून ओल्या पंचानं उभा, समोर पळसाच्या पानावर मातीचं ढेकूळ. लोकांच्या कडेला सासूबाई. लोकांनी मला वाट दिली. नेमाची बाई, तिला कोण अडवणार.

मी कळशी भरली. राखणदार चार पावलांवर होता. परत आपल्या जागी बसवलेला, आदल्या खड्ड्याची माती अजून ओली.

तोंड उघडून सांगता आलं असतं. पण मौन मोडून सांगितलेलं मला माझंच खरं वाटलं नसतं.

मी देवाच्या पुढून गेले. थांबले नाही. खालची वाट धरली. एक, दोन, तीन. मागं कुजबुज झाली. "वयनी खंय चलली?" पन्नासला कुणीतरी मागं येतंय असं वाटलं. शंभरला बरीच पावलं वाजू लागली. कळशी खांद्यावर जड झाली, पदर भिजला. दोनशे चाळीसला हेळ्याचं झाड आलं. बुंध्यापाशी मोकळी, गवत उगवलेली जागा होती. मी तिथं पाणी ओतलं, फूल वाहिलं, हात जोडले.

मान वर केली तर ओगले समोर.

"इथं होता?"

मी मान हलवली.

"कुणी हलवला?"

मी माझ्या छातीवर हात ठेवला.

मागनं सोननाक पुढं आला. "नाय सायब, तेंका काय म्हायत नाय, मी..." मी हात आडवा केला तसा थांबला. ढेकूळ अजून त्याच्या हातात होतं, डोक्यावर चढलं नव्हतं.

"वहिनी," ओगले हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला समजतंय ना तुम्ही काय करताय? झर वर, त्यांच्या बाजूला राहिली."

मी परत मान हलवली. लोकांतून कुणी म्हणालं, भटणीक खूळ लागला. कुणी म्हणालं, हिची बाग सुकात तेव्हा कळात. कायतान छत्री मिटून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"खणा," ओगले म्हणाले.

गवत काढलं, माती काढली. गुडघाभर झालं. कोळसा नाही, चुना नाही. मी वाकून बघत होते. माझाच शब्द खोटा पडत होता आणि मला काही उमगत नव्हतं. मग कुदळ ठक्कन वाजली. खणणाऱ्यानं हात घालून काहीतरी काढलं, पंचाला पुसलं आणि तळहातावर धरलं.

काळी पडलेली चांदीची मासोळी. अंगावर खवले.

कायतान वाकले. "शिवेखाला नुस्तें पुरपाची तुमची चाल आसा?" त्यांनी ओगल्यांना विचारलं. त्यांच्याकडे नुस्तें म्हणजे मासळी.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मासोळीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. मला बोलावंसं वाटलं, पण आता प्रश्नच पडला. पाणी तर घातलं, पण देवाच्या जागेवर घातलं का? मौन सुटलं की नाही? मी ओठ मिटूनच राहिले.

सासूबाई पुढं आल्या. काही न बोलता माझ्या हातातली रिकामी कळशी घेतली आणि वर चालू लागल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, मधे एकदा थांबल्या. दोन्ही गावं त्यांच्या मागं परत चढली. झरीवर त्यांनी कळशी भरली. राखणदाराच्या दगडापाशी आल्या, आणि त्यालाही ओलांडून पुढं गेल्या. करवंदीच्या जाळीतून, काटे पदराला धरत असताना, एका दुभंगलेल्या कातळापाशी पोचल्या. मी मोजत होते. अकरा पावलं. तिथं त्यांनी पाणी ओतलं.

"इथं खणा."

ओगल्यांनी खणणाऱ्यांना पुढं बोलावलं.

"माझ्या लग्नाच्या वर्षी देव इथं होता," त्या सावकाश म्हणाल्या, जशी मला रोज आमटीचं प्रमाण सांगत तशा. "मी बारा वर्षांची. वर वाघरू यायचं. एकटीनं यायचं, आणि ओरडायचंही नाही, नेम म्हणून. दोन महिने आले, मग भीतीनं ताप भरला. सोननाकच्या बापानं देव खाली आणून दिला, माणसांच्या वाटेवर. उचलला तेव्हा खाली काळं होतं, ते मी बघितलं. देवाची जागा मोडली म्हणून पायातली मासोळी नव्या जागी ठेवली. घरी सांगितलं, नदीत पडली."

खणायला फार वेळ लागला नाही. दीड हातावर पांढरा चुन्याचा थर लागला. त्याखाली कोळसा. ओंजळभर, ओला, काल विझवल्यासारखा चकचकीत.

कायतान यांनी एक तुकडा उचलून तळहातावर घासला. काळी रेघ उमटली. त्यांनी ती ओगल्यांना दाखवली, वर आपल्या गावाकडे बघितलं, खाली झरीकडे बघितलं. झर गेली ती गेली, वर आणखी अकरा पावलं गेली. मग ते सासूबाईंकडे वळून फार आदरानं म्हणाले, "आनी हांची सासुमांय जिती आसा?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि असती तरी तिला विचारू नका."

आधी ओगले हसले, मग पारवाड्याचे, मग आमचे. एवढी माणसं त्या चढावर कधी एकत्र हसली नसतील. सोननाक तेवढा हसत नव्हता. त्यानं खाली बसून खड्ड्यातली मूठभर माती घेतली, ढेकळाला लावली आणि ढेकूळ डोक्यावर ठेवलं.

"आता चलतंय," तो म्हणाला.

त्या कातळापासून तो ताठ चालत गेला, पार पुढच्या ओढ्यापर्यंत. मागनं साखळी, निशाणं आणि दोन सरकारं. भागूला पुढं दोन महिन्यांनी मुलगी झाली, तीही आज आजी आहे.

लोक पांगले तेव्हा सासूबाईंनी ती मासोळी माझ्या हातात ठेवली. "एक तुझ्याकडे आहे. जोड झाली." मी तशीच उभी. "बोल आता. देवाला पाणी मिळालं."

"तुम्ही मला तेव्हा रागावला का नाहीत?" तेरा वर्षांचा प्रश्न तोंडातून बाहेर पडला.

त्या चालू लागल्या होत्या. वळल्या नाहीत. "काय तोंडानं रागावू? गोकर्णाहून आले, बघितलं तर देव परत वर. म्हटलं, पोरीला माणसं नकोत, मला एकटेपण नको होतं. एवढा चढून आलाय, उरलेली अकरा पावलं हिची सून नेईल."

कोळशावर दोन्ही सरकारांचा खांब उभा राहिला, नंबर घालून. "देवही इथं आणू का?" ओगल्यांनी विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "इथं तुमचा खांब राहू दे. देव आमचा आहे, तो आहे तिथं बरा." म्हणून राखणदार झरीवरच राहिला.

पुढं गोवा सुटला. खांबाला आता काही काम नाही. म्हशी त्याला पाठ घासतात, नंबर झिजून गेला. सासूबाई तर कधीच्या गेल्या. नेम माझ्या सुनेनं केला, आता नातसून करते. सुनेत्रा तिचं नाव. शाळेत शिकवते, सकाळी सातची एसटी गाठायची असते. पायात माझी मासोळ्यांची जोडी घालते.

गेल्या श्रावणात मला वाटलं, एकदा देवाला जाऊन यावं. काठी टेकत झरीवर गेले. झर होती, देव नव्हता. जागा रिकामी, कडेला शेवाळं. मी खांबापर्यंत गेले, अकरा पावलांची आता एकोणीस होतात. तिथंही नव्हता.

परत फिरले. हेळ्याचं झाड रस्ता रुंद केला तेव्हाच गेलं. डांबरी सडकेला लागले आणि एसटीच्या थांब्याशेजारी, नळकोंडाळ्याच्या मागं, सिमेंटच्या छोट्या चौथऱ्यावर राखणदार दिसला. नुकतंच पाणी घातलेलं, वर ताजं जास्वंदीचं फूल.

सुनेत्रा गाडीची वाट बघत उभी होती. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आजी, तुम्ही इकडं..."

गाडी आली. मी तिला हातानं खूण केली, जा, उशीर होईल.

घरी आले, पाय धुतले. स्वयंपाकघरात पळी डावीकडची उजवीकडे ठेवलेली होती. ती तेवढी सारखी केली आणि डाळ धुवायला घेतली.